रिकाम्या क्वार्टरांची भरलेली डिस्क

रिकामी जागा हीच माणसाची खरी श्रीमंती, असं थोर लोक सांगून गेले आहेत. या थोर लोकांनी जुन्या शहरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात दोन खोल्यांत बायको, दोन पोरं आणि वडिलांची खाट मांडून संसार केलेला नसावा. बुद्धभूषण मेश्रामनं केला होता. आणि आता घरमालकाच्या मुलीचं लग्न ठरल्यामुळे त्या खोल्याही महिनाअखेर सोडायच्या होत्या.

उपाय होता. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत त्याच्या खात्यानं कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर बांधले होते. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडे जायचं तर सोबत डबा घ्यावा. राहायला कोणी राजी नसल्यानं अर्जांपेक्षा घरंच जास्त. म्हणजे घर नक्की. फक्त कोणाला कोणतं, याची सोडत कॉम्प्युटरवर निघायची होती, आणि तीही आजच. उद्यापासून निवडणुकीची आचारसंहिता. सोडतीचं मशीन सांभाळायचं काम बुद्धभूषणकडेच होतं, म्हणजे नशीबही घरचंच.

जेवणानंतर त्यानं सोडत सुरू केली. मशीननं कळवलं, डिस्कवर जागा नाही.

"काहून नाही?" हेडक्लार्क अनंतराव म्हणाले. "काल तर होती."

"कशानं तरी भरली, सर."

"मग रिकामी कर ना बापा. आचारसंहिता लागली की तुयं घर पुढच्या सरकारात."

मशीन लिनक्सवरचं, आणि तेही व्हर्च्युअल. मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहणारं. चिडून थापड मारायचीही सोय नाही. कोणतं फोल्डर फुगलंय ते बुद्धभूषणनं शोधलं. इंटरकॉमचं. क्वार्टरच्या भिंतीवर एक डबी असे. बटण दाबून तक्रार बोलली की ती इथं साठे. क्वार्टर अजून सीलबंद होते. तक्रारींनी डिस्क भरली होती.

वायर शॉर्ट झाली असेल म्हणून त्यानं सगळं पुसलं. चहा येईस्तोवर डिस्क पुन्हा भरली. मग त्यानं क्वार्टरांच्या चौकीदाराला, मारोतीला, फोन लावला.

"आत कोणी शिरलं का रे?"

"कोणीच नाही साहेब. सील जसंच्या तसं. कबुतरं आहेत, हव."

"कबुतर बटण दाबते का?"

"सरकारी कबुतरं आहेत साहेब. ते कशाले काम करतील?"

बुद्धभूषणनं हेडफोन चढवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. कुकरची शिट्टी. दुसऱ्यात एक पोर सतराचा पाढा म्हणत होतं आणि त्याच त्याच जागी अडकत होतं. तिसऱ्यात एक माणूस सौम्यपणे वैतागलेला: "ब्लॉक चार, तिसरा मजला. नळाले पाणी नाही. कितीदा सांगून राहिलो." मागून बाई म्हणाली, "जाऊ द्या ना, जेवाले या." त्याही मागे पंखा कुरकुरत होता.

क्वार्टरांत पंखे अजून बसायचे होते. वीजही यायची होती.

त्यानं चिडून इंटरकॉमचा प्रोग्रॅमच बंद केला आणि सगळं पुन्हा पुसलं. फोल्डर मोकळं झालं, डिस्क होती तशीच भरलेली. लिनक्सचा हा जुना खोडसाळपणा: फाईल पुसली तरी एखादा चालू प्रोग्रॅम ती धरून बसला असेल, तर जागा सुटत नाही. नाव जातं, ठाण कायम. मशीन बंद करून चालू करावं, तर परवानगी देणारे साहेब आचारसंहितेच्या मीटिंगला गेलेले.

बायकोचा, रीनाचा, फोन आला. "घरमालक विचारून राहिले, पोरीच्या साड्यांच्या पेट्या आपल्या खोलीत आतापासूनच ठेवू का?"

"होऊन राहिलं काम."

"सकाळपासून होऊनच राहिलं तुमचं."

त्यानं फोन ठेवला. मोकळ्या फोल्डरात एक रेकॉर्डिंग येऊन बसलं होतं. ते यायला जागा नव्हती.

"भाऊ, आम्हाले पुसून राहिले का तुम्ही?"

आवाजात राग नव्हता. पंखा थांबला होता. पाढाही. घरभर माणसं कान देऊन उभी असावीत, तेवढं शांत होतं.

बुद्धभूषणनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"झालं का रे?" अनंतरावांनी विचारलं.

"एक जण जागा अडवून बसला आहे, सर."

"मग हाकल ना त्याले!"

फाईल धरून बसलेला प्रोग्रॅम सापडला. त्याच्या नावाची जागा कोरी होती. बुद्धभूषणला साड्यांच्या पेट्या दिसल्या. वडिलांची खाट दिसली.

त्यानं प्रोग्रॅम मारला.

डिस्क मोकळी झाली. सोडत निघाली.

बुद्धभूषण मेश्राम. ब्लॉक चार, तिसरा मजला.

अनंतरावांनी पाठ थोपटली आणि पेढ्यांची आठवण करून दिली. रीनाला सांगावं म्हणून त्यानं फोन उचलला, तेव्हा स्क्रीनवर आणखी एक रेकॉर्डिंग होतं.

आधी पेट्या फरशीवरून ओढल्याचा आवाज. पोर रडत होतं, बाई त्याला चूप करत होती. मग तोच माणूस, जरा दमलेला:

"निघालो भाऊ आम्ही. गडबडीत गॅसवर दूध राहून गेलं. आले की तेवढं बंद करजा."