एक इंच खाली

पहिल्यांदा बोललो तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलेच होते.

"अहो, बाजूला व्हा. दव झाडायचंय मला."

गोल्फच्या मैदानात, खेळाआधी सराव करायच्या त्या छोट्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, सकाळी सव्वासहाला, ते एकटेच वाकून उभे होते. हातात पटर, म्हणजे चेंडू होलकडे ढकलायचा दांडा, समोर चेंडू, आणि होल जेमतेम दोन फुटांवर.

"दव... झाडतात?"

"मग! ओल्या गवतावर चेंडू रेंगाळतो आणि तुम्ही मंडळी माझ्या नावानं खडे फोडता."

हसून ते बाजूला झाले. मी लांब काठी गवतावरून फिरवत राहिले आणि ते बघत राहिले – गवताकडे नाही, माझ्याकडे. मैदानाची निगा राखणाऱ्या बाईला याची सवय नसते. ते बघणं मला दिवसभर पुरलं.

मग रोजचंच झालं. मी गवत कापायचे, होल पाडायचे. ते दोन फुटांवरून चेंडू ढकलत राहायचे. फक्त दोन फुटांवरून.

"एवढ्या जवळून तर माझी आजीसुद्धा घालेल," मी एकदा म्हटलं.

"पाठवा आजींना. शिकवणी लावतो त्यांच्याकडे."

ते दातांचे डॉक्टर. माझी दाढ ठणकत होती, तर तिथेच ग्रीनवर मला 'आ' करायला लावलं. नीट पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या मित्राकडे जा. तो काढेल."

"तुम्ही का नाही?"

ते पटर पुसू लागले.

"गेल्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर दोन फुटांवरून हुकलो. सरळ मारला होता... तरी चेंडू काठावरून उडून बाहेर आला. माझे वडीलही दातांचेच डॉक्टर. त्यांचे हात चाळिशीत थरथरायला लागले. वाटलं, आता माझी पाळी. त्या स्पर्धेपासून मी कुणाच्या तोंडात हत्यार घातलेलं नाही. यंदा जमलं तर ठीक. नाहीतर दवाखाना मित्राला देऊन लांब कुठेतरी शिकवायची नोकरी धरणार."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. होलमध्ये जो डबा बसवतात, तो गवताच्या एक इंच खाली असावा लागतो. वर राहिला, तर आत जाणारा चेंडू त्याच्या काठावर आपटून बाहेर उडतो. गेल्या वर्षी त्या सकाळी आईला दवाखान्यात भरती केलं होतं, मी घाईत होते. शेवटच्या होलचा डबा मी वरच ठेवला. गवतात तो कुणाला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मलाच दिसला आणि मी गुपचूप खाली ठोकला. त्या दिवशी कोण हुकलं, ते मी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी हे सांगितल्यावर तीन आठवडे मी मूग गिळून बसले. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती निम्मी. उरलेली निम्मी अशी, की एकदा हाताची शंका फिटली की हे सकाळी इथे येतील कशाला?

स्पर्धेच्या सकाळी त्यांचे लागोपाठ तीन चेंडू हुकले. त्यांनी तळवे पँटला पुसले. मला ते बघवेना. काठी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

ते गुडघ्यावर बसले. होलमध्ये बोट घालून डब्याचा काठ चाचपला.

"आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत?"

"डबा वर राहिला होता, ते वर्षभर. हुकलेले तुम्ही होतात, ते... तीन आठवडे."

"तीन आठवडे मी तुमच्यासमोर..." तेवढ्यात खेळाचा पुकारा झाला आणि ते निघून गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारी चौकीदाराकडून कळलं. डॉक्टर नववे आले, पण शेवटच्या होलवर तीन फुटांवरून चेंडू अलगद आत. मी यंत्रांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. आनंद होता आणि सगळं संपल्याचं दुःखही होतं. दोन्ही एकदम आलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, आले. रिकाम्या हातांनी.

"काल तीन दाढा काढल्या," ते म्हणाले. "हात जरासुद्धा हलला नाही."

"मग आता... इथे काय काम?"

"तुमचा राग आलाय. अजून गेलेला नाही."

"म्हणून आलात?"

"घरी बसून रागावून पाहिलं. जमत नाही. म्हटलं, रागवायचंच तर समोर बसून रागवावं."

"मी गप्प बसले कारण... तुम्ही यायचे थांबाल, असं वाटलं."

"त्याचाच तर राग आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या पहिल्या सकाळसारखं नाही, सरळ आणि थकून. "सांगितलं असतंत, तरी आलो असतो."

ते बाकावर बसले आणि सरकून जागा केली. मी हातमोजे काढून शेजारी बसले.

"किती दिवस रागवणार?"

"बघू. सवड आहे ना तुम्हाला?"

"आहे," मी म्हटलं.