सीनेच्या फरशीवर

दिवस मावळायच्या आत सायकलीनं करमाळा गाठायचं आणि कमलाभवानीच्या देवळापाशी बसलेल्या पंचांच्या वहीत सही करायची, एवढाच आमच्या हौशी सायकल मंडळाचा नियम होता. सोलापुरातून सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर! बक्षीस काय, तर एक पितळी बिल्ला. १९७४ च्या ऑक्टोबरात, पहाटेच आम्ही बाराजण निघालो.

त्यात आमचं त्रिकूट होतं. महिपतीदादा पोस्टमन, महिन्याभरात निवृत्त होणार. दोन वर्षं त्यांचा बिल्ला थोडक्यात हुकला होता. बसप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, रोज दुधाच्या किटल्या लावून शहरभर सायकल हाणणारा गडी. आणि मी ईश्वर, नगरपालिकेच्या शाळेतला मास्तर; माझी रोजची मजल घर ते शाळा!

वैरागपर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. दोन्ही अंगांना ज्वारीची कोवळी रोपं डोलत होती. मग वारा सुटला, तोही समोरून. बार्शी ओलांडली तोवर मांड्या पेटल्या होत्या. त्यातच माझ्या चाकात बाभळीचा काटा घुसला. तो काढून निघालो, तर कोसभरात दुसरा!

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो. "माझ्यापायी बिल्ला जाईल, दादा!"

"मास्तर, पंप मारा अन् गप ऱ्हावा," दादा ट्यूब घासत म्हणाले.

बाकीचे नऊजण केव्हाच दिसेनासे झाले.

सीना नदीच्या फरशीपाशी, त्या बुटक्या, बिनकठड्याच्या पुलापाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वर कुठंतरी पाऊस झाला असावा. गढूळ पाणी फरशीवरून वाहत होतं. काठावर एक बाई शेळ्या राखत होती.

"तुमची मान्सं मघाशीच गेली," ती म्हणाली. "तवा घोट्याएवढं हुतं. आता न्हाय जमायचं, बाबांनो!"

"अय्यो, एवढंच पानी?" बसप्पा सायकल घेऊन उतरलाच. "दादांचा बिल्ला हाय की पलीकडं! मी अंदाज घेतो."

"बसप्पा, माघारी फिर!" दादा ओरडले.

पाणी गुडघ्याला लागलं. मांडीला लागलं. त्याचा पाय सरकला! सायकल हातातून सुटली, एकदा उलटली आणि गडप झाली. बसप्पा फरशीच्या कडेच्या दगडाला लोंबकळत राहिला.

दादा धावले. कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्यांनी आपली सायकल आडवी पुढं केली. मागचं कॅरिअर त्यांच्या मुठीत, पुढचं चाक बसप्पाकडं. मी मागून दादांच्या कमरेला मिठी मारली.

"धर! चाक धर!"

बसप्पानं झेप घेतली. बोटं तारांत अडकली. दोन तारा तटातट तुटल्या, पण रिम टिकली! इंच इंच मागं सरत आम्ही तिघंही काठाच्या चिखलात येऊन पडलो.

धाप ओसरल्यावर बसप्पा पाण्याकडं बघून रडायला लागला. "सायकल गेली, दादा. उद्या दूध कशावर घालू?"

"आधी पानी थुक," दादा त्याची पाठ चोळत म्हणाले.

मग ते उठले. पलीकडच्या काठावर चढणाऱ्या रस्त्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. अखेर त्यांनी वाकडं झालेलं चाक दगडावर ठोकून सरळ केलं आणि सायकल सोलापूरच्या दिशेनं फिरवली.

"चला. आता वारा तरी आपला हाय."

आणि खरंच, तोच वारा आता पाठ ढकलत होता! आळीपाळीनं बसप्पाला मागं बसवत आम्ही ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर तोडले. वैराग सोडल्यावर त्याला कानडी गाणं सुचलं. दादांना शब्द कळत नव्हते, तरी तेही सुरात सूर मिसळत होते.

दिवेलागणीला आम्ही सोलापुरात बसप्पाच्या दारात पोचलो. दादांनी सायकलचं हँडल त्याच्या हातात दिलं.

"ठेव. तारा तेवढ्या बदलून घे."

"अन् तुमी?"

"माझी डाक संपतच आली आता. म्हैनाभर चालत वाटीन, मग मला रोज कुटं जायाचंय?"

बसप्पाला हुंदका आवरेना. "पर फुडल्या वर्षी करमाळा, दादा?"

"येनार की!" दादांनी कॅरिअरवर थाप मारली. "मी हितं बसनार. तू हान!"