विहिरीची पातळी

मी शेतात सेन्सर बसवते. मुळाशी ओल किती आहे ते सेन्सरने सांगायचं, आणि माती खरोखर सुकली तरच ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, एवढाच मामला. लोक मात्र उगाच भारावतात नाहीतर उगाच घाबरतात. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा आहे.

ताईच्या लिंबाच्या बागेत मी हा संच हौसेने बसवला. तिची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. आदल्या वर्षी बागेचा एक कोपरा वाळून गेला होता. उरलेली झाडं यंदा गेली, तर ताई आणि दाजी बाग मोडून कुठेतरी नोकरी शोधणार होते. दाजी वरवर थट्टा करत होते. "मेव्हणीबाई, पाणी वाचेल हो तुमच्या यंत्राने. पण तुमच्या बहिणीच्या बोलण्यातून मी वाचेन का?"

पाण्याचा साठा कळावा म्हणून विहिरीतही एक सेन्सर सोडायचा असतो. त्याआधी आम्ही एक साधी चाचणी घेतो. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, म्हणून सेन्सर कुणाच्यातरी मुठीत द्यायचा. फोनवरची पट्टी भरली की सेन्सर ठीक. मी तो दाजींच्या हातात दिला, पट्टी काठोकाठ भरली. तेवढ्यात आतून ताईने जेवायला हाक मारली. मी चाचणी बंद न करताच 'स्रोत जतन करा' हे बटण दाबलं आणि सेन्सर विहिरीत सोडून हात धुवायला गेले.

बाग बघता बघता हिरवीगार झाली. ताईचा फोन आला तेव्हा तिला काय बोलू आणि काय नको असं झालं होतं. "अगं, विहिरीचं पाणी हललंसुद्धा नाही!"

मलाही मूठभर मांस चढलं. मग काही दिवसांनी सहज फोनवर तिच्या विहिरीची पट्टी उघडली. ती निम्म्याच्या खाली आली होती.

सेन्सर बिघडला, असं म्हणून मी हत्यारांची पिशवी उचलली आणि सकाळीच तिकडे पोचले. विहिरीत वाकून पाहिलं. बसवताना पाणी ज्या दगडापाशी होतं, तिथेच होतं. मोटारीच्या बटणावर कोळ्याने जाळं विणलं होतं, म्हणजे मोटार बरेच दिवस चालू झालेली नव्हती. तरीही बागेत प्रत्येक झाडाखाली थेंब पडत होते. टप. टप. माती दाबली तर तिचा लाडू वळत होता.

मी एका ड्रिपरखाली तळहात धरला. सावलीतली नळी गार होती, पण पाणी कोमट होतं. अंगाला असते तेवढीच ऊब. मी हात झटकला आणि ओढणीला पुन्हापुन्हा पुसला.

दाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून. गाल आत गेले होते, ओठांना चिरा पडल्या होत्या. शेजारी पाण्याचा जग होता. ते एकेक पेला भरून घटाघट पीत होते.

"डॉक्टर म्हणतात, एवढ्या सलाइनच्या बाटल्या चढवल्या त्या जातात कुठे?" ते हसायला गेले आणि ओठातून रक्त यायच्या ऐवजी नुसती चीर रुंदावली. "पण बाग बघितलीत ना? सोन्यासारखी झालीय."

ताई दारात उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "हे घरात यायला तयार नाहीत," ती म्हणाली. "झाडांकडे बघत बसतात नुसते."

मी फोन पाहिला. पट्टी पाव उरली होती. दाजींनी पेला खाली ठेवला तेव्हा ती आणखी थोडी उतरली.

मी धावत जाऊन संचाची बॅटरी काढली. दिवे विझले. थेंब थांबले नाहीत. मुख्य नळीची चावी आवळली. थेंब थांबले नाहीत. सेन्सर ओढून वर काढला, भरल्या बादलीत बुडवला. पट्टी ढिम्म हलेना. फोनवर एवढंच आलं: 'स्रोत संपत आला आहे. नवा स्रोत जोडा.'

मी तो सेन्सर घेऊन ओसरीवर परतले. ताईने माझ्या खांद्यावरून ती अक्षरं वाचली.

"म्हणजे बागेला जातंय ते ह्यांचं पाणी?"

"वेड्यासारखं बोलू नकोस, ताई. असं काही नसतं."

"नसतं ना? मग दे तो इकडे."

"ताई, नको."

"नसतं म्हणालीस ना तूच!"

दाजी उठायला धडपडले. "अगं, नको, माझं ऐक..."

तिने सेन्सर हिसकावला आणि मुठीत घट्ट धरला.

पट्टी काठोकाठ भरली.

मी तिच्यावर झेप घेतली. तिची बोटं एकेक करून उलगडायला लागले. ती सोडेना. माझा हात तिच्या मुठीत शिरला, सेन्सर दोघींच्या तळव्यांत सापडला. फोनवर सूचना आल्याचा आवाज झाला. कसाबसा सेन्सर सुटून खाली पडला.

दाजींनी लांब श्वास सोडला. त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला, मग दुसरा. त्यांनी पेला बाजूला सारला. "बस झालं," ते म्हणाले. "आता नको पाणी."

माझा जीव भांड्यात पडला. मी खरंच हसले.

बागेतून एकदम आवाज आला. सगळे व्हॉल्व्ह उघडले होते.

ताई पायरीवर टेकली. ती दाजींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा भीती नव्हती. भीती सगळी मलाच वाटत होती.

"जरा पाणी आण गं," ती म्हणाली.

मी आत गेले. माठाखाली दुसरा जग धरून तो काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी उचलला आणि सांडू नये म्हणून जपून चालत बाहेर आले.

ताईने हात पुढे केला. मग ती माझ्याकडे बघतच राहिली.

जग रिकामा होता. माझी हनुवटी ओली होती.