देव्हाऱ्यातला स्कॅन

भामाबाईंनी सुनेच्या पोटाचा स्कॅन देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि त्या सुनेच्या, जयलक्ष्मीच्या काळजात काहीतरी तुटलं... कारण देवापुढे ज्याला कुंकू लागलं, ते तंजावूरच्या त्या घरात कधी खोटं ठरत नसे!

हर्नियाच्या ऑपरेशनात तिच्या पोटात प्लास्टिकची जाळी शिवली होती. तिथंच सारखी कळ यायची. स्कॅनच्या फिल्मवर मात्र दोष म्हणून काही दिसेना. देवानं बरं केलं, म्हणत सासूबाईंनी सांबाराचं पातेलं पुन्हा तिच्या हाती दिलं. पातेलं असं, की देवळातला हत्ती त्यात बुडी मारील आणि शेपूटही वर दिसायचं नाही! आणि कळ अशी, की कावेरीनं वाहायचं थांबून विचारावं, बाई, काय झालं? घरातलं मात्र कुणी विचारीना. दुखतंय म्हटलं की नवरा त्या फिल्मकडे बोट दाखवी.

जयलक्ष्मीचा जीव होता नणंदेवर, विनुतावर. स्वयंपाकघर मी एकटी ओढते, पण हिला चेन्नईला शिकायला धाडा, असा हट्ट तिनंच धरला होता. आणि त्याच विनुतानं फोनवर सांगितलं, स्कॅन चांगला आहे वहिनी, मनाला लावून घेऊ नको... त्या दिवसापासून जयलक्ष्मीनं दुखणं बोलणंच सोडलं!

पुढं विनुताला नोकरी लागली, ती अशाच जाळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. दसऱ्याला घरी आली, देव्हाऱ्यापुढं नमस्काराला वाकली, आणि ती फिल्म हातात घेऊन तिथंच रडत बसली.

"अम्मा, साधं प्लास्टिक यात दिसतच नाही गं. जाळी जागेवर असो, नाहीतर गोळा झालेली असो, चित्र हे असंच येणार."

"देवापुढचं खोटं म्हणतेस?"

"खोटं नाही अम्मा. आंधळं आहे."

विनुता वहिनीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पोट उघडलं, तर जुनी जाळी सुकल्या विड्याच्या पानासारखी गुंडाळलेली! तिच्या जागी त्यांनी नवी बसवली. हिच्या धाग्यांत लोखंडाचे इतके बारीक कण, की मुंगीलाही चष्मा लागावा. पण एमआरआयमध्ये त्यांची काळी रेघ उमटते.

जखम भरल्यावर एमआरआय झाला. पडद्यावर जाळी सपाट पसरलेली, दारातल्या कोलमच्या रांगोळीसारखी घर न् घर स्पष्ट. विनुतानं जयलक्ष्मीचा हात धरला.

"वहिनी, मी चित्रावर विश्वास ठेवला. तुझ्यावर नाही ठेवला."

जयलक्ष्मीनं नुसतं त्या पोरीचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं.

भामाबाईंनी पडद्याकडे पाठ फिरवली.

"चित्र राहू दे. जया, तू सांग. दुखतंय का?"

किती काळ वाट पाहिली होती तिनं या एका प्रश्नाची! डोळे भरून आले.

"थोडं... चालताना."

"सरी, बरं. मग हळू चल."

आणि ज्यांच्या चालीपुढं तंजावूरची रिक्षा मागं पडे, त्या भामाबाई सुनेच्या कोपराला धरून, पाऊल मोजून टाकत निघाल्या.