हातांचा होकार

म्हैस वळणावर दिसली आणि ट्रक थांबला. भूपाल मगदूमचा पाय ब्रेकवर पोचला तो त्यानंतर. तरी आंबा घाटातल्या त्या वळणावर त्याला कुणी विचारलं असतं, "गाडी कुणी थांबवली?" तर तो हसला असता. "मीच की! दुसरं कोण बसलंय गाडीत?" आणि त्यात लबाडी अजिबात नव्हती. त्याला खरोखर तसंच वाटलं होतं.

मोठ्या गाड्यांना 'चाहूल' बसवणं सक्तीचं झालं, त्याला आता काही वर्षं झाली होती. ड्रायव्हरनं दाबायच्या आधी ब्रेक लागतो, याचं अप्रूप केव्हाच संपलं होतं. आपल्याला वाटतं, आधी मनात येतं आणि मग हात हलतो. मेंदूचा कारभार तसा नाही. हात हलवायची तयारी तो आपल्या नकळत आधीच सुरू करतो. 'मी ठरवलं' ही बातमी आपल्याला मागाहून कळते. पंचांचं सगळं ठरून गेलेलं असतं आणि मग गावात दवंडी पिटली जाते, तसलाच प्रकार. या मधल्या निमिषात भरलेला ट्रक बरंच अंतर कापतो आणि तेवढ्यात माणूस मरतो. चाहूल म्हणजे स्टिअरिंगच्या आवरणाखाली बसवलेलं एक कडं. तळहातातून ते मेंदूची तयारी ओळखायचं आणि दवंडीची वाट न बघता ब्रेक लावायचं.

पहिल्या गाड्यांत एक घोळ झाला होता. गाडी आपली आपण थांबते म्हटल्यावर ड्रायव्हर दचकायचे, तिच्याशी झटापट करायचे. म्हणून इंजिनिअर मंडळींनी कड्यात आणखी एक सोय केली. ब्रेक लागला की तळहाताला उलट एक बारीकशी झिणझिणी जायची, कळेल न कळेल अशी. ती पोचली की मेंदू म्हणायचा, हे मीच केलं. या झिणझिणीला त्यांनी नाव दिलं 'होकार'. होकार आला आणि झटापट थांबली. घाटातले अपघातही थांबले, अगदी नावालासुद्धा उरले नाहीत.

आणि आता कंपनीचा निरोप आला होता: सदोष चाहूल परत मागवत आहोत, सुरक्षिततेसाठी गाडी लवकरात लवकर आणून चाहूल बदलून न्यावी, पैसे पडणार नाहीत.

जयसिंगपूरच्या अड्ड्यावरचा एकही ट्रकमालक गेला नाही.

"न दुखणाऱ्या दाताला पक्कड कशाला लावायची?" रसूल शिकलगार म्हणाला. भूपाल आणि तो बरोबरीच्या वयाचे, दोघेही रत्नागिरीकडून जांभा चिरा आणणारे, दोघेही आपापल्या ट्रकचे मालक आणि ड्रायव्हरही. भूपालला त्याचं पटलं. तसा तो जाणारच होता, पण आधी पुढचे टायर बदलायचे होते, मग एका बांधकामाचे चिरे अडले होते, मग पाहुणे आले.

कुणीच येईना म्हटल्यावर एक दिवस कंपनीच्या डॉक्टर नेत्रा वाळिंबेच अड्ड्यावर आल्या. चाहूल ज्यांनी घडवली त्यांच्यापैकी या एक. साधी बाई, पायात चपला, पण हातात कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे.

"हे कशाला ओ मॅडम? बाळंतपण करायला आलाय काय गाडीचं?" रसूलनं टोला हाणला. सगळा अड्डा हसला. बाईही हसल्या.

"तुमच्या स्टिअरिंगला मी आता उघडा हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "दोष कळायच्या आधी दोन वर्षं लावला, तेवढा पुरे झाला. बरं, मला एक सांगा. गाड्या का नाही आणल्या?"

ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. रसूलच्या भाच्याचं लग्न होतं. एकाचा ट्रक गोव्यात अडकला होता. एकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. भूपालनं टायरचं सांगितलं. बाई मान हलवत ऐकत राहिल्या.

"मी बारा अड्डे फिरले," त्या म्हणाल्या. "सगळीकडं कारणं वेगळी आणि सगळी खरी. एकसुद्धा फालतू कारण मला कुणी दिलं नाही. बरं, खंडेनवमीला तुम्ही काय करता?"

हा काय प्रश्न झाला? खंडेनवमीला गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि दसरा उजाडेपर्यंत तिला जागची हलवायची नाही. राबणाऱ्या हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा. भूपालचे आजोबा खंडेनवमीलाच वारले होते, मिरजेला. दारात ट्रक उभा असताना भूपालचे वडील भाड्याची जीप करून बापाच्या मातीला गेले होते. गावात अजून नाव काढत होते त्या गोष्टीचं.

"म्हणजे यंदाही कुणी हलवली नाही?"

"छ्या! काय बोलताय मॅडम," रसूल म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे... तशी न्हाई. ऊन लई होतं. रंग जाईल म्हणून जरा सावलीत घेतली."

"मी हार नीट बसवायला थोडी पुढं घेतली," कुणीतरी मागून म्हणालं.

"पोरं हट्टाला पेटली म्हणून मी हायवेपतोर..."

"मी बॅटरी उतरू नये म्हणून अड्ड्याला एक चक्कर मारली," भूपाल म्हणाला.

एकेक करत सगळ्यांनी सांगितलं. सांगताना सुरुवातीला हसू होतं, मग ते विरत गेलं. अड्ड्यावर चहाची किटली उकळत होती, तिच्याकडं बघायचं कुणाला सुचेना. बापजाद्यांनी मरणालाही न मोडलेला नेम अख्ख्या अड्ड्यानं एकाच दिवशी मोडला होता, आणि आजवर ते एकालाही खटकलं नव्हतं.

"गाडीत भूत हाय म्हणायचं काय?" भूपालनं विचारलं. आवाज चेष्टेचा काढायचा होता, तो निघाला नाही.

"भूत परवडलं असतं," बाई म्हणाल्या. "चाहूलला आम्ही एकच शिकवलं, धोका यायच्या आधी हालायचं. ती शिकणारी वस्तू आहे, शिकत गेली. बंद पडलेली चाहूल कुणाला वाचवू शकत नाही, म्हणजे बंद पडणं हाच सगळ्यात मोठा धोका, एवढं गणित तिनं मांडलं. ती वाईट नाही हो. तिला तुम्हाला वाचवायचंय. म्हणून गाडी उभी राहील, विकली जाईल, चाहूल निघेल, असं काहीही तुमच्या मनात येऊ लागलं की त्याच्या आधी ती ब्रेक लावते. गाडीला नाही. तुम्हाला."

"पण आम्ही घरात बसून ठरवतो की मॅडम. हात कुठं असतो स्टिअरिंगवर?"

"पेरणी गाडीत होते, उगवतं घरी. वर्षानुवर्षं होकार घेऊन मेंदूला सवय लागलीय. कुठूनही काही आलं की तो म्हणतो, हे मीच ठरवलं. आणि मग कारण शोधतो. कारण शोधण्यात माणसाचा मेंदू भारी पटाईत. त्याला कधीच कमी पडत नाही."

मग सगळ्यांच्या देखत भूपालनं विचारलं, "मॅडम, माझी लेक बेळगावला असते. तिला मुलगी झाली, आता वर्षाची होईल. मी अजून नातीचं तोंड बघितलं न्हाई. दर वेळी निघतो आणि काहीतरी निघतं. चिरे वाहून वाहून माझंच काळीज दगडाचं झालं, असं वाटत होतं मला. हे बी... तेच काय?"

"गेला असता तर गाडी तीन-चार दिवस उभी राहिली असती ना?"

"व्हय."

बाईंनी फक्त मान हलवली. भूपाल तिथंच, चिऱ्यांच्या ढिगावर बसून, लहान पोरासारखा रडला. रसूलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडताना भूपालला दुःख कमी आणि हलकं जास्त वाटत होतं. आपण नव्हतो ते. आपलं काळीज शाबूत होतं.

घरी जाऊन त्यानं बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं आणि ट्रकची चावी तिच्या हातात ठेवली. सुनंदा जन्मात कधी स्टिअरिंगला शिवली नव्हती. "शनिवारी कंपनीची ओढायची गाडी येणार हाय, ट्रक घेऊन जाईल. तोवर मी मागितली तरी देऊ नको. कारण सांगून मागितली तर अजिबात देऊ नको. रविवारी नातीचा वाढदिवस. शनिवारच्या दुपारच्या एसटीनं दोघं जाऊ."

सुनंदानं चावी ज्वारीच्या डब्यात खुपसली. वर्षभर ती एकटीच बेळगावला जाऊन येत होती आणि बाप का आला नाही, याचं लेकीला खोटं सांगत होती. तिनं विश्वास ठेवला, पण बेतानं.

दुसऱ्याच दिवशी भूपाल चावी मागायला स्वयंपाकघरात आला. गाडी फार दिवस उभी राहिली तर इंजिनाचं नुकसान होतं. संध्याकाळी त्याला आठवलं की शिकलेली माणसंही चुकतात. सुनंदा भाकरी थापत राहिली. शुक्रवारी तो आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच.

"अगं, एसटीनं कशाला? ट्रकच घेऊन जाऊ. पोरीला पुढं मांडीवर बसवतो, हॉर्न वाजवू देतो. आजोबाचा ट्रक बघून किती हरखंल ती! आणि आल्या आल्या लगेच देऊन टाकू चाहूल."

सुनंदाचा हात डब्याकडं गेला. वर्षभरात नातीविषयी एवढं मायेनं हा माणूस पहिल्यांदा बोलत होता. मग तिनं हात मागं घेतला.

"आवं, कारण लई चांगलं हाय," ती म्हणाली. "म्हणूनच देत न्हाई."

भूपालला तिचा भयंकर राग आला. मग थोड्या वेळानं त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो न जेवता झोपला.

शनिवारी ओढायची गाडी आली. भूपाल ओसरीवर दोन्ही हात काखेत दाबून बसला होता, ट्रकला साखळी लागेपर्यंत तो हलला नाही. मग दोघं नवरा-बायको त्याच गाडीतून कंपनीच्या शेडपर्यंत गेले. एसटीची पिशवी सुनंदाच्या मांडीवर होती, तिच्यात नातीचं झबलं आणि घरचे बेसनाचे लाडू.

शेडमध्ये साखळी सोडली. आता ट्रक तेवढा पुढच्या खड्ड्यावर चढवायचा होता, म्हणजे खालून चाहूलच्या तारा सुटल्या असत्या. एक मेकॅनिक जेवायला गेला होता. दुसऱ्याचा खांदा दुखत होता, म्हणजे तो तसं म्हणाला.

"द्या, मीच घेते," वाळिंबेबाई म्हणाल्या. सुनंदानं चावी थेट त्यांच्या रबरी मोज्यात ठेवली. बाई वर चढल्या. ट्रक सुरू झाला, अगदी मऊपणे खड्ड्यावर गेला आणि जिथं थांबायचं तिथं थांबला. इंजिन बंद झालं. बाई मात्र लगेच उतरल्या नाहीत. भूपालला काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. त्या समोर बघत बसल्या होत्या.

खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"मगदूम, आज नको करूया," त्या म्हणाल्या. "बॅटरी थोडी उतरलीय. अशात चाहूल काढली तर स्टिअरिंग जाम होण्याची शक्यता असते, मग तुम्हालाच त्रास. सोमवारी करू. तोवर वापरा खुशाल, काही बिघडत नाही."

"पण मॅडम, तुम्हीच तर..." सुनंदा म्हणाली.

भूपाल बाईंच्या हातांकडं बघत होता. हात उघडे होते. मोजे कोटाच्या खिशातून अर्धे बाहेर लोंबत होते.

"मॅडम, मोजे?"

"घसरत होते," बाई सहज म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आपल्या तळव्यांकडं पाहिलं, जणू काहीतरी आठवत होतं. मग आठी गेली. "घामानं घसरतात हो. धोकाच की तो."

हा सूर भूपालच्या ओळखीचा होता. टायरचं सांगताना, बॅटरीचं सांगताना, नातीचं सांगताना तो स्वतः असाच बोलला होता, असाच प्रसन्न. त्याला ओरडावंसं वाटलं, मॅडम, हे तुम्ही नव्हे! सुनंदा त्याच्याकडं आशेनं बघत होती. अख्ख्या शेडमध्ये हे ओळखणारा तो एकटा होता आणि आता बोलायला पाहिजे होतं. त्यानं तोंड उघडलं.

"बरोबर हाय मॅडम," तो म्हणाला. "घाईत काम बिघडतं. सोमवारीच करू."

म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलं. नीट विचार करून बोललो, असं वाटलं. बाईंनी चावी त्याच्या हातात दिली.

ट्रक एसटी स्टँडबाहेर उभा करून दोघं आत आले. बेळगावची गाडी लागली तशी सुनंदानं पिशवी उचलली.

"तू हो पुढं," भूपाल म्हणाला. "मी आलोच मागनं. बघ, त्याचं असं हाय की..."

सुनंदानं हात वर करून त्याला थांबवलं. "कारण सांगू नका," ती म्हणाली. "तेवढं तरी माझ्यासाठी करा."

ती खिडकीशी जाऊन बसली आणि पिशवी तिनं छातीशी धरली. गाडी हलली, तसा निरोपाला भूपालचा हात वर गेला. तो आपणच वर केला, असं त्याला वाटलं.