हिरव्या लुगड्याची गाठ

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. प्रवरा आटून नुसती वाळू उरली होती. कोल्हारच्या अलीकडं एका खेड्यात बाळंतपणाची खोली होती अन् तिथं छबूबाई दाईचं राज्य. हाताला यश होतं हो, पण जिभेला हाड नव्हतं. कळांनी पोर ओरडली की मांडीवर चापट बसलीच. "गप, भवाने! नवऱ्यापाशी जाताना न्हवतं का वरडायचं?"

थंडीत चांगुणा आली. नवरा-बायको दोघं खडी फोडायला असायची. ती फार तळमळायला लागली, तशी छबूबाईनं तिचंच हिरवं लुगडं फेडलं, पट्टी फाडली अन् हात खाटेला बांधले. "बाई, अंगावर कायतरी टाका वं..." एवढंच मागत होती. तशीच उघडी मेली बिचारी, पोटातल्या पोरासकट. छबूबाईनं पट्टी कापून चुलीत घातली अन् विसरली.

चैत्रात त्याच खाटेवर तिची स्वतःची एकुलती एक लेक आली, राही.

बाळंतिणीच्या खोलीत गाठ ठेवू नये म्हणतात, वाट अडते. छबूबाईनं लेकीची वेणी सोडली, पेटीचं कुलूपसुद्धा काढलं. तरी टळटळीत दुपार झाली अन् बाळ काही हलेना. राहीचे ओठ पांढरे पडले. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. चूल तर सकाळीच विझलेली, पण खोलीत जळक्या कापडाचा वास दाटला.

"बाई..." राही म्हणाली.

छबूबाई चरकली. राही तिला आये म्हणायची.

"बाई, अंगावर... कायतरी टाका वं..."

छबूबाईची नजर खाली गेली. खाटेच्या दांडीला हिरवी पट्टी होती, करकचून गाठ मारलेली. तिनं नखांनी ओढली, दातांनी ओढली. गाठ आणखीच आवळली अन् इकडं लेकीचा श्वास अडायला लागला.

मग मात्र तिचं अवसान गळालं. अंगावरचं लुगडं फेडून तिनं राहीला गळ्यापर्यंत पांघरलं, उशाशी बसून कपाळावरून हात फिरवला. "चुकलं माजं, चांगुणे... वरड माय, पायजे तेवढं वरड. कुनी न्हाई बोलायचं तुला."

गाठ आपोआप सुटली. राहीनं किंकाळी फोडली अन् पोर झाली, चांगली ठणठणीत.

छबूबाईनं रडत रडत नात कुशीत दिली. "राहे, बघ गं तुजी लेक."

तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. छबूबाईकडं बघून हसली.

"लई उपकार झाले, बाई. आता जाऊ द्या मला... धनी खडीवर वाट बघत आसंल."

राहीचा नवरा कोपरगावला साखर कारखान्यात होता.