ड्रमलोखची घंटा

पोर्टकेर्नच्या स्टेशनचा नकाशा मी डोळे मिटूनही काढला असता. एकच फलाट. समुद्राकडे पाठ करून उभी असलेली दगडी इमारत, तिच्यात तिकीटघर आणि बायकांची वेगळी खोली. रूळ आमच्या गावातच संपायचे. फलाटाच्या पूर्व टोकाला, उतारापलीकडे, सिग्नलची केबिन. हेरिंग मासळी न्यायला १८७४ साली गाडी आली आणि १९६६ साली बंद पडली. शेवटची चौदा वर्षं केबिनमध्ये मी होतो.

गावातल्या मंडळाला स्टेशनच्या इतिहासाचा फलक लावायचा होता. फेब्रुवारीत माझी बायको एफी गेली, तेव्हापासून लोक मला काही ना काही काम देतात. माझी मुलगी शीना रविवारी मला पर्थला तिच्या घरी न्यायला येणार होती, कायमचं. मी हो म्हटलं होतं. घरात राहवत नव्हतं.

म्हणून गुरुवारी दुपारी दोनला आम्ही मोजमाप करायला गेलो. मदतीला टॅम गिलेस्पी, आमचा जुना पोस्टमन.

"टोक घट्ट धर," मी म्हटलं.

"तीस वर्षं कुत्र्यांनी पोटऱ्या फोडल्या तरी पत्रं सोडली नाहीत मी. तुझी फीत सोडेन होय रे, लॅकी?"

समुद्रावरून धुकं आलं होतं. एप्रिलमध्ये येतंच. शेवटचा तुकडा मोजायला मी फीत ओढत पुढे गेलो आणि मागे वळलो तेव्हा टॅम दिसत नव्हता.

उतार संपला की खाजरी झुडपं आणि विटांचे चार थर, एवढंच केबिनचं उरलं होतं. तिच्या फळ्या मीच घरी नेल्या होत्या, कोंबड्यांच्या खुराड्याला. पण माझा बूट लाकडी पायरीला लागला.

"टॅम!"

"काय?"

"काही नाही."

त्याला तेव्हाच बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं.

नऊ पायऱ्या. वर शेगडी पेटलेली होती. जमिनीवरचं लिनोलियम पुसून चकचकीत केलेलं. सिग्नल ओढायच्या पहिल्या खटक्यावर फडकं घडी करून टाकलेलं होतं. उघड्या हाताने खटका धरायचा नाही, घामाने गंजतो. मी सवयीने बूट पुसून आत गेलो. फळीवर घंटा होती. तिची तार सात मैलांवर, पुढच्या स्टेशनच्या, ड्रमलोखच्या केबिनमध्ये जायची.

त्या केबिनमध्ये एफी होती. लग्नाआधी दोन वर्षं मी तिला पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. ठोक्यांवरून माणूस कळतो. ती शेवटच्या ठोक्याआधी जरा जास्त थांबायची. का, म्हणून मी लग्नाच्या दिवशी विचारलं. "चहाचा कप खाली ठेवत असे," ती म्हणाली.

घंटा वाजली. एक ठोका. म्हणजे, लक्ष आहे का?

मी एक ठोका परत दिला. हात आपोआप गेला.

दोन. दोन. मग ती थांबली. एक.

रिकामे डबे पाठवते, घेतोस का? जत्रेच्या दिवशी असे डबे यायचे, सगळं गाव एकदम न्यायचं असलं की.

उत्तर दिलं नसतं तर गाडी तिकडेच उभी राहिली असती. मी खाली उतरून घरी गेलो असतो. पण नऊ आठवड्यांत त्या हाताने मला काही विचारलं नव्हतं. मी दोन, दोन, एक दिले. घेतो.

मग नियम आठवला. गाडी घेतली की ती येऊन पोहोचल्याची घंटा देईपर्यंत केबिन सोडायची नाही.

मी दार उघडलं आणि नऊ पायऱ्या उतरलो. पायाखाली लिनोलियम आलं. शेगडी समोर होती.

दुसऱ्यांदा कठडा धरून उलटा उतरलो. लिनोलियम.

"लॅकी! मेलास की काय तिकडे?" टॅम ओरडला. "फीत गुंडाळू का?"

मी खिडकी सरकवली. तो खाली दहा यार्डांवर उभा होता.

"टॅम, वर बघ! मला बाहेर पडता येत नाहीये. शीनाला फोन कर!"

"म्हातारा गेला वाटतं मुतायला," तो स्वतःशीच म्हणाला.

गाडी रद्द करायची असली तर तीन ठोके, मग पाच. मी दिले. दात आवळून दिले. माफ कर, एफी.

मग दोन ठोके आले. गाडी निघाली.

सात मैल. सोळा मिनिटं.

टॅमने फीत खाली ठेवली. टोपी नीट केली. फलाटाच्या कडेला जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला.

धुक्यातून बेकरीवाला आला, हात पिठात माखलेले. शाळेतल्या मिसेस अब्बॉट आल्या. मागून आणखी लोक आले, तिकीटघराच्या दारातून, एकेक करून.

मी काचेवर मुठी मारत होतो. एकानेही वर पाहिलं नाही.

खाली रूळ नव्हते. अठ्ठावीस वर्षांचं गवत होतं.

पंधराव्या मिनिटाला सगळे एकदम एक पाऊल मागे सरले, गाडी आत शिरताना सरतात तसे.